शांता आपटे : नकाराचा सूर

( १ )

गाणें आणि अभिनय या दोन कला एका देहांत नांदूं लागल्या म्हणजे त्यांचा संसार सुखाचाच होतो असें नाहीं. आपल्या संगीत रंगभूमीनें या दोघींना जवळजवळ पन्नास वर्षें एका घरांत ठेविलें. परंतु त्यांच्यांत एकीनें बोलावें तर दुसरीनें गप्प बसावें, अशीच तेथील रीत होती. पद सुरू झालें कीं नाटक थांबावयाचें, आणि नाटक पुढें सरकूं लागलें कीं रसिकांनीं पुढच्या पदाची वाट पाहात बसावयाचें. दुःखानें व्याकुळ झालेली नायिका प्रेक्षकांच्या ‘वन्समोअर’ला मान देऊन तेंच दुःख पुन्हां एकदां, आणि नव्या ताना घेऊन, आळवीत असे, आणि त्यांत कांहीं विसंगत आहे असें फारच थोड्यांस वाटे.

बोलपट आला तेव्हां त्यानें ही रीत वारसाहक्कानें उचलली. मराठींतील पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ हा प्रभात फिल्म कंपनीनें १९३२ सालीं काढिला, व त्यांतील हरिश्चंद्राची भूमिका गोविंदराव टेंबे यांनीं केली. टेंबे हे रंगभूमीच्या परंपरेंत मुरलेले संगीतकार. अशा थोर मंडळींच्या हातून नव्या कलेचा पाया घातला गेला हें भाग्यच होय; परंतु पाया जुन्या वाड्याचा व इमारत मात्र नवी, अशी त्यामुळें कांहीं काळ स्थिति झाली. पडद्यावर मनुष्याचा चेहरा हातभर अंतरावरून दिसतो. रंगभूमीवर तान घेतांना आक्रसलेल्या मुद्रेकडे शेवटच्या रांगेंतल्या प्रेक्षकाचें लक्ष जात नसे. पडद्यावर तिच्याकडे दुर्लक्ष करणें शक्यच नव्हतें. गाणारा मनुष्य गातां गातां मनुष्यच कसा राहील, हा प्रश्न या नव्या कलेनें प्रथमच उभा केला.

त्या प्रश्नाचें आपल्याकडील पहिलें समाधानकारक उत्तर शांता आपटे यांनीं दिलें, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे. त्यांच्याविषयींच्या आख्यायिका पुष्कळांस मुखोद्गत आहेत. तापट, हट्टी, फटकळ अशीं विशेषणें त्यांच्या नांवामागें इतक्या सहजपणें लावलीं जातात, कीं त्यांच्या कलेचा विचार करण्याची गरजच कोणास वाटत नाहीं. पुरुष नट मानी असला तर तो बाणेदार ठरतो, आणि नटी मानी असली तर ती भांडखोर ठरते. हा आपल्या भाषेचा नव्हे, आपल्या वृत्तीचा दोष आहे. या लेखांत आख्यायिकांस रजा देऊन एवढेंच दाखवावयाचें आहे, कीं शांताबाईंचें गाणें, त्यांची सर्वांत गाजलेली भूमिका व त्यांचें व्यावसायिक आयुष्य या तिहींतून एकच सूर सलग वाहतो, आणि तो सूर नकाराचा आहे.

( २ )

शांता आपटे यांचा जन्म १९१६ सालीं सोलापूर जिल्ह्यांतील दुधनी येथें झाला. वडील रेल्वेंत स्टेशनमास्तर होते. गाण्याचें शिक्षण पंढरपूरच्या महाराष्ट्र संगीत विद्यालयांत झालें. पंढरपूर हें असें क्षेत्र आहे, कीं तेथें गाणें ही बैठकीची वस्तु नसून रस्त्यावरची आहे. वारकरी गातो तो उभा राहून गातो, चालत गातो. त्याचे हात टाळांत गुंतलेले असतात व पाय तालांत. ज्या गांवीं गाणें असें सर्वांगानें चालतें, तेथें शिकलेल्या मुलीस मायक्रोफोनपुढें खांबासारखें उभें राहणें मानवलें नाहीं, तर त्यांत नवल नाहीं.

१९३२ सालीं भालजी पेंढारकर यांच्या ‘श्यामसुंदर’ या बोलपटांत राधेच्या भूमिकेंत त्या प्रथम पडद्यावर आल्या. कृष्ण झाले होते शाहू मोडक. दोघेंही अल्पवयी होतीं, व त्या अल्पवयाची टवटवी हेंच त्या चित्राच्या लोकप्रियतेचें एक मोठें कारण होतें. प्रभात कंपनी १९३३ सालीं कोल्हापुराहून पुण्यास आली, व तेथील तिच्या ‘अमृतमंथन’ या १९३४ च्या चित्रापासून शांताबाईंचा खरा काळ सुरू झाला. व्ही. शांताराम यांचें दिग्दर्शन व केशवराव भोळे यांचें संगीत असा हा योग होता. या चित्रांतील राजगुरूचा पडदाभर दिसणारा एक डोळा ज्यांनीं पाहिला ते तो विसरले नाहींत. पण त्याच चित्रांतील सुमित्रेच्या गाण्यांनीं लोकांस निराळ्याच प्रकारें चकित केलें. ही मुलगी गातांना हात हालवी, मान वळवी, डोळ्यांनीं बोले. तिचें गाणें म्हणजे संवादाचेंच पुढचें वाक्य वाटे.

यांत विशेष तें काय, असें आजचा वाचक विचारील. त्यासाठीं त्या वेळची यंत्ररचना थोडी ध्यानांत घेतली पाहिजे. आरंभींच्या बोलपटांत चित्र व ध्वनि यांचें मुद्रण एकाच वेळीं होई. वादक मंडळी चौकटीच्या बाहेर दडून बसत, मायक्रोफोन कोठें तरी लपविलेला असे, आणि गाणारास त्याच्या टप्प्याबाहेर एक पाऊल टाकण्याची मुभा नसे. त्यामुळें गाणारे स्तब्ध झाले, व स्तब्धता हीच प्रतिष्ठा मानली जाऊं लागली. पुढें गाणें अगोदर मुद्रित करून तें चित्रणाच्या वेळीं ऐकवावयाचें, अशी सोय झाली. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनें १९३५ सालीं ‘धूपछांव’ या चित्रांत ती प्रथम वापरली. नटाचें शरीर त्यामुळें मोकळें झालें. परंतु यंत्रानें जी मोकळीक सर्वांस नंतर दिली, ती शांताबाईंच्या वृत्तींत अगोदरपासूनच होती.

येथें आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. शरीर मोकळें झालें तें ज्या सोयीनें, त्याच सोयीनें पुढें गळा व शरीर यांची फारकत केली; कारण गाणें अगोदरच मुद्रित व्हावयाचें असेल, तर तें दुसऱ्यानें गाइलें तरी काय बिघडलें? या दोन अवस्थांच्या मध्यें दहा-बारा वर्षांचा एक अल्प काळ असा गेला, कीं गळा नटाचा स्वतःचा होता आणि शरीरही मोकळें होतें. सैगल, नूरजहान, सुरैया हीं सर्व त्याच काळांतलीं. शांताबाई त्या काळाच्या उंबरठ्यावर उभ्या आहेत.

( ३ )

१९३७ सालचा ‘कुंकू’ हा त्यांच्या कर्तृत्वाचा कळस. नारायण हरि आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून तो तयार झाला. हिंदी आवृत्तीचें नांव ‘दुनिया न माने’. पोरक्या नीरेचें लग्न तिचा मामा पैशाच्या लोभानें एका वयस्क विधुर वकिलाशीं लावून देतो. एरव्हींच्या कथेंत येथून रडगाणें सुरू झालें असतें. येथें मात्र नवी नवरी या पुरुषाशीं पत्नी म्हणून वागण्याचें साफ नाकारते, आणि घर सोडून न जातां, त्याच घरांत, त्याच चुलीपुढें, रोज नव्यानें नाकारीत राहते. केशवराव दाते यांनीं काकासाहेबांची भूमिका इतक्या समजुतीनें केली आहे, कीं प्रेक्षकास या म्हाताऱ्याचा संताप येतो आणि दयाही येते. घरांतलें जुनें घड्याळ त्याच्या वयाची आठवण देत टोले देत राहतें. शांताराम यांनीं या चित्रांत पार्श्वसंगीताचा आधार घेतला नाहीं. घरांतले व बाहेरचे खरे आवाज हेंच त्याचें संगीत. अशा निःशब्द पार्श्वभूमीवर नीरा जेव्हां गाते, तेव्हां तें गाणें अलंकार राहात नाहीं. त्या घरांत तिच्या स्वतःच्या मालकीची जी एकच वस्तु उरली आहे, ती ती उघडून दाखविते.

हा विषय मराठी रसिकास नवा नव्हता. देवलांचें ‘संगीत शारदा’ १८९९ सालीं रंगभूमीवर आलें तें जरठ-कुमारी विवाहावरच. परंतु ‘शारदा’ व ‘कुंकू’ शेजारीं ठेवून पाहिलीं म्हणजे अडतीस वर्षांत किती मजल मारली गेली हें दिसतें. शारदेचीं पदें गोड आहेत, करुण आहेत, आणि त्यांनीं महाराष्ट्रास रडविलें; पण शारदा नाकारीत नाहीं. तिचें लग्न मोडतें तें वधू-वर सगोत्र निघाले म्हणून, म्हणजे शास्त्राच्याच एका कलमावर बोट ठेवून. आणि तें कलम शोधून काढतो एक तरुण पुरुष. शिवाय त्या काळीं शारदा रंगभूमीवर उभी राही ती पुरुषाच्या देहांत. स्त्रीचें दुःख स्त्रीनें आपल्या तोंडानें सांगावें, एवढीही सोय तेथें नव्हती. देवलांच्या थोरवीस यानें बाध येत नाहीं. त्यांनीं आपल्या काळास झेपेल तेवढें सांगितलें. पण नीरेच्या वेळीं शास्त्राचें कलम मदतीस येत नाहीं. लग्न लागून गेलेलें आहे, आणि १९३७ सालीं मुंबई इलाख्यांत हिंदु स्त्रीस घटस्फोटाचा कायदा नव्हता. तो येण्यास १९४७ साल उजाडावें लागलें. तिच्या हातीं आहे तो फक्त नकार.

या नकाराची किंमत कळण्यासाठीं आपल्या स्त्रियांचें गाणें मुळांत कोठें राहात होतें, हें आठविलें पाहिजे. प्रस्तुत लेखकाचें गांव महाड तालुक्यांतील तळीये. २०२१ च्या जुलैमधील दरडीमुळें या गांवाचें नांव साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक झालें. एरव्हीं तें कोणाच्या ओठीं यावें असें कांहीं तेथें नव्हतें. महाड-पोलादपूरच्या डोंगरांतील पुरुष पिढ्यान् पिढ्या पोटासाठीं मुंबईस जात आले, आणि शेत, गुरें, म्हातारीं माणसें व मुलें सांभाळीत बाया मागें राहिल्या. त्यांचें गाणें जात्यावरचें. पहांटे खुंट्याला हात घालून, ओढीच्या लयींत, त्या ओंवी गात. सासरचा जाच, माहेरची ओढ, दूर गेलेला धनी, सारें त्या ओंवींत येई, आणि घरांतलें कोणीही तिला मनाई करीत नसे. कारण जातें थांबलें कीं गाणेंही थांबणार आणि दळण तर झालेंच पाहिजे, हें सर्वांस ठाऊक होतें. तक्रार करण्याची मुभा होती, पण ती हात कामांत गुंतलेले असेपर्यंतच. ज्या बायांनीं तीं गाणीं आयुष्यभर म्हटलीं, त्यांतल्या कित्येकींचा आवाज कोणत्याही यंत्रानें टिपला नाहीं, आणि आतां टिपला जाणारही नाहीं.

नीरेच्या गाण्यांत मला या ओंवीचा वारसा दिसतो, आणि त्या वारशापासून झालेली फारकतही. शांताबाई गातात त्या हातांसकट. त्यांचे हात स्वस्थ नसतात. परंतु ते जात्याच्या खुंट्यावर नाहींत. ते हवेंत मोकळे आहेत, प्रश्न विचारीत आहेत, झटकून टाकीत आहेत. ओंवी गाणारीची तक्रार पिठाबरोबर घरच्यांच्याच पोटांत जाई. नीरेचें गाणें घरच्यांस पचत नाहीं. गाण्यानें दुःख हलकें होतें हा आपला जुना समज आहे. या चित्रांत गाण्यानें दुःख हलकें होत नाहीं. तें स्पष्ट होतें.

महाडच्या माणसास नकाराचें सामर्थ्य निराळें समजावून सांगण्याची गरज नाहीं. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें गेलें, तें तळें आमच्या तालुक्याच्या गांवीं आहे. त्या घटनेशीं चित्रपटांतल्या एका कल्पित मुलीची तुलना करणें अप्रशस्त होईल. एकीकडे हजारों माणसांचा शतकांचा अपमान आहे, दुसरीकडे एका घरांतला अन्याय. परंतु दोहोंच्या मध्यें अवघीं दहा वर्षें आहेत, हें विसरूं नये. या दहा वर्षांत महाराष्ट्रानें एक गोष्ट शिकावयास आरंभ केला होता : अन्यायाची रीत ज्या माणसाच्या संमतीवर उभी असते, त्यानें संमति काढून घेतली कीं रीतीचा पाया हालतो. ‘कुंकू’ पाहणाऱ्या प्रेक्षकाच्या कानांवर हा विचार सभांतून व वर्तमानपत्रांतून पडलेलाच होता. शांताबाईंनीं त्याला घरगुती आवाज दिला.

आतां त्या इंग्रजी गाण्याविषयीं. नीरा लाँगफेलोची ‘अ साम ऑफ लाइफ’ ही १८३८ सालीं प्रसिद्ध झालेली कविता गाते. आयुष्य हें पोकळ स्वप्न मानूं नये, वर्तमानकाळांत निर्धारानें कार्य करावें, असा तिचा आशय. आमच्या इंग्रजी शाळांतून ती इतकी घोकविली गेली आहे, कीं इंग्रजी वाङ्मयाच्या अध्यापकास ती पुन्हां ऐकण्याचा उत्साह क्वचितच असतो. लाँगफेलोच्या बोधपर काव्यास आजच्या टीकाकारांच्या दरबारीं फारसा मानही नाहीं. असें असतां या चित्रांत ती ऐकून मन हालतें, याचें कारण काय? माझ्या मतें कारण असें, कीं शांताबाई ती कविता म्हणून गात नाहींत, पुरावा म्हणून गातात. शाळेंत मुलींस हें शिकविलें जातें, आणि घरीं आल्यावर त्यांना याच्या नेमकें उलट वागावयास सांगितलें जातें. त्या दोहोंतली विसंगति नीरा त्या घराच्या तोंडावर फेकते. उच्चार शिकलेल्या मुलीचे आहेत, विलायती मडमेचे नाहींत. व तसे ते असणेंच योग्य. एका सामान्य कवितेस तिच्या योग्यतेहून मोठा अर्थ गाणारीनें मिळवून दिला, असें हें विरळा उदाहरण आहे.

‘कुंकू’ निर्दोष आहे असें मात्र नव्हे. शेवटीं काकासाहेबांस आपल्या अपराधाची जाणीव होते, व ते स्वतःस नीरेच्या वाटेंतून दूर करतात. म्हणजे नीरेचा नकार सफल होतो तो एका पुरुषाच्या पश्चात्तापानें. इब्सेनच्या नोरानें १८७९ सालीं दार ओढून घेतलें, तेव्हां तिचा नवरा आंत होता व तिला कोणाच्या परवानगीची गरज नव्हती. नीरेला दार ओढून घेण्याची वेळ लेखक येऊंच देत नाहीं. येथें कथेनें एक पाऊल मागें घेतलें आहे. परंतु हें पाऊल कथेनें घेतलें, नटीनें नव्हे. शेवटच्या प्रसंगांतील शांताबाईंच्या चेहऱ्यावर सुटकेचा आनंद शोधूनही सांपडत नाहीं. तेथें आहे तो एका लढाईनंतरचा थकवा. लेखकानें जें उत्तर दिलें, तें नटीच्या मुद्रेनें अपुरें ठरविलें आहे.

( ४ )

त्याच १९३७ सालीं हॉलिवुडांत ‘वन हंड्रेड मेन अँड अ गर्ल’ हें चित्र निघालें, व त्यांतील पंधरा वर्षांची डीना डर्बिन ही गायिका-नटी जगभर लाडकी झाली. बेकार झालेल्या वादकांची ही गोष्ट. त्यांतल्या एकाची मुलगी आपल्या गोड गळ्याच्या व अदम्य उत्साहाच्या बळावर या मंडळींचा वाद्यवृंद उभा करते, आणि स्टोकोव्हस्की हा प्रख्यात संगीत-संचालक स्वतःच्याच नांवानें त्यांत वावरतो. डर्बिनचा गळा शांताबाईंच्या गळ्यापेक्षां अधिक संस्कारित होता हें मान्य केलें पाहिजे. परंतु दोघींच्या गाण्यांचीं कामें पाहा. डर्बिन गाते आणि सर्व अडचणी सुटतात. बेकारी, दारिद्र्य, श्रीमंतांचा अहंकार, सारें तिच्या स्वरांत विरघळून जातें. मंदीनें पिचलेल्या अमेरिकेस तें स्वप्न हवें होतें. शांताबाई गातात आणि अडचणी उभ्या राहतात. तेथें गाणें समेट घडवितें, येथें तें समेट मोडतें. हॉलिवुडच्या ऐश्वर्यापुढें पुण्याची चित्रनगरी ती केवढी. पण गाण्याला असें अवघड काम सांगण्याचें धाडस त्या वर्षीं पुण्यानें केलें.

या दोघींचीं पुढचीं आयुष्येंही ताडून पाहण्याजोगीं आहेत. डर्बिननें सत्ताविशी ओलांडण्याच्या सुमारास चित्रसृष्टीकडे पाठ फिरविली, ती फ्रान्समध्यें जाऊन राहिली, आणि २०१३ सालीं मृत्यु येईपर्यंत जवळजवळ मौनांत राहिली. तोही एक नकारच होता. पण तो मौनाचा. शांताबाईंचा नकार बोलका होता.

( ५ )

१९३९ सालीं प्रभात कंपनीशीं करार व वेतन यांवरून त्यांचा वाद झाला, आणि त्यांनीं कंपनीच्या दारांत उपोषण केलें. या प्रसंगाची हकीकत आजवर बहुधा गंमत म्हणून सांगितली गेली. प्रभातसारख्या संस्थेनें मराठी चित्रपटावर जे उपकार केले ते कोणीही नाकारणार नाहीं. ‘संत तुकाराम’ला १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत जो मान मिळाला, तो त्या संस्थेच्या शिस्तीचा व निष्ठेचा मान होता. परंतु संस्था थोर असली म्हणजे तिच्या पगारपत्रकावरील माणसाचें प्रत्येक गाऱ्हाणें क्षुद्र ठरतें असें नाहीं. त्या काळीं नटनटी कंपनीच्या मासिक पगारावर असत. अमेरिकेंतही तीच तऱ्हा, फक्त आंकडे मोठे. बेट डेव्हिस हिनें १९३६ सालीं आपल्या कंपनीविरुद्ध लंडनच्या न्यायालयांत झुंज दिली व ती हरली. ऑलिव्हिया डी हॅव्हिलंड हिनें १९४४ सालीं कॅलिफोर्नियाच्या न्यायालयांत तीच लढाई जिंकली, आणि त्या निकालानें तेथील कराराची पद्धतच बदलली. या दोघींच्या धैर्याविषयीं तेथें ग्रंथ लिहिले जातात. दोघींच्या मधल्या वर्षीं पुण्यांतल्या एका तेवीस वर्षांच्या मुलीनें, कोर्टाची पायरी न चढतां, ज्या शहरानें १९३२ सालीं येरवड्यांतील महात्माजींचें उपोषण पाहिलें होतें त्या शहराला समजेल असें हत्यार उचललें. आणि आपण हंसलों.

पुढच्याच वर्षीं, १९४० सालीं, त्यांचें ‘जाऊ मी सिनेमांत?’ हें पुस्तक प्रसिद्ध झालें. चित्रपटांत जाऊं इच्छिणाऱ्यांस उद्देशून लिहिलेल्या या पुस्तकांत त्यांनीं या धंद्याकडे धंदा म्हणूनच पाहिलें. भांडवल कोणाचें, श्रम कोणाचे आणि लाभ कोणाचा, हे प्रश्न एका लोकप्रिय नटीनें मराठींत विचारावे, ही आपल्या वाङ्मयाच्या इतिहासांतील नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे. नटांचीं आत्मचरित्रें आपल्याकडे उदंड झालीं. त्यांत गुरूंचे उपकार, सहकाऱ्यांच्या गंमती व प्रेक्षकांचें प्रेम यांचें वर्णन असतें. कीर्ति ऐन भरांत असतां कीर्तीचा हिशेब मांडणारें पुस्तक हा निराळाच प्रकार. समीक्षकांनीं त्याला जितकें महत्त्व द्यावयास हवें होतें तितकें दिलें नाहीं, याचें कारण उघड आहे : गाणारीनें गावें, लिहूं नये, अशी आपली समजूत. ‘कुंकू’तल्या नीरेनें ज्या समजुतीस विरोध केला, तिच्याहून ही फार वेगळी नाहीं.

प्रभात सोडल्यानंतरचा काळ विस्ताराचा आहे, पण उत्कर्षाचा म्हणतां येत नाहीं. १९४१ सालीं वाय. व्ही. राव यांच्या तमिळ ‘सावित्री’त त्यांनीं सावित्रीची भूमिका केली, व त्यासाठीं त्या तमिळ शिकल्या. नारदाच्या भूमिकेंत होत्या एम. एस. सुब्बुलक्ष्मी. मराठी मुलीनें परकी भाषा शिकून, तींत स्वतः गावें व बोलावें, आणि तेंही अशा अद्वितीय गायिकेच्या शेजारीं उभें राहून, यांतील जिद्द असामान्य होय. पुढें लाहोरच्या पांचोलींचें ‘जमीनदार’, भालजींचें ‘वाल्मीकि’, मास्टर विनायकांचें ‘सुभद्रा’ अशीं अनेक चित्रें त्यांनीं केलीं. परंतु नीरेच्या तोलाची भूमिका त्यांना पुन्हां मिळाली नाहीं. त्यांच्या गाण्यांतला जो विशेष, कीं तें प्रसंगांतून उगवावें व प्रसंगास पुढें ढकलावें, त्याला अनुरूप कथाच पुढें येईनात. आणि ज्यांत कांहीं नाकारावयाचें नाहीं अशा भूमिकेंत त्यांचा अभिनय अनेकदां नुसता चपळ वाटतो. पूर्वींचा ताण जाऊन फक्त हालचाल उरते. गळ्याच्या दृष्टीनेंही त्यांच्या मर्यादा स्पष्ट आहेत. त्यांचा आवाज धारदार व स्वच्छ होता, पण त्यांत सैगलची आर्तता नव्हती, व सुब्बुलक्ष्मींचें गांभीर्य तर नव्हतेंच. बैठकीच्या गायिका म्हणून त्यांचें मूल्यमापन करूं गेल्यास त्या पहिल्या पंक्तींत बसणार नाहींत. त्यांचें गाणें दृश्यापासून तोडून, नुसत्या तबकडीवर ऐकलें, तर निम्मेंच उरतें. परंतु हा दोष कीं गुण, हें आपण काय शोधतों यावर ठरतें.

( ६ )

१९४६ च्या ‘सुभद्रा’ चित्रांत वसंत देसाई यांच्या संगीतांत एक युगुलगीत आहे. तें शांता आपटे यांच्याबरोबर गाणारी सतरा वर्षांची मुलगी म्हणजे लता मंगेशकर. तीन वर्षांनीं ‘महल’ निघाला, व त्यांतील ज्या गाण्यानें लताबाईंचें नांव देशभर झालें, त्याच्या तबकडीवर आरंभीं गायिकेचें नांवही नव्हतें. होतें तें चित्रांतील पात्राचें, कामिनीचें. या एका गोष्टींत सारें युगांतर सामावलें आहे. आतां गळा एकीचा व मुद्रा दुसरीची. या व्यवस्थेनें आपल्याला लताबाईंसारखें अलौकिक रत्न दिलें, हें कबूल न करणारा मनुष्य कृतघ्न ठरेल. ज्यांना सूर नव्हता अशा उत्तम अभिनेत्रींस तिनें वाव दिला, हेंही खरें. परंतु लाभाबरोबर हानीचाही जमाखर्च मांडला पाहिजे. पडद्यावरची स्त्री ओठ हालवूं लागली, आणि तिचा आवाज दुसऱ्याच खोलींतून येऊं लागला. गाणें अधिक सुरेल झालें, पण तें कोणाचें, या प्रश्नाचें उत्तर अस्पष्ट झालें. आनंद, विरह, शृंगार, भक्ति हे भाव उसन्या गळ्यानेंही व्यक्त होतात. नकार तसा होत नाहीं. ‘मी हें करणार नाहीं’ असें म्हणावयाचें, तर तें म्हणणाराचा आवाज त्याचा स्वतःचाच असावा लागतो.

१९६४ च्या फेब्रुवारींत शांताबाई मुंबईंत वारल्या. वय अवघें सत्तेचाळीस. अखेरच्या वर्षांत त्यांच्याकडे चित्रें फारशीं नव्हतीं, व ज्या प्रेक्षकांनीं त्यांना डोक्यावर घेतलें होतें त्यांच्या आवडीही बदलल्या होत्या. पुढच्या पिढ्यांनीं ‘कुंकू’स थोर चित्रपट म्हणून मान दिला, पण तो मान शांताराम यांच्या दिग्दर्शनास, दात्यांच्या अभिनयास व विषयाच्या धीटपणास मिळाला, आणि नीरा ही त्या विषयाचें एक उदाहरण होऊन राहिली. सामाजिक चित्रपट म्हणून ‘कुंकू’विषयीं आपण पुष्कळ बोलतों, त्यांतला आवाज फार थोडे ऐकतात.

समाजसुधारणेचे विषय कालांतरानें शिळे होतात. जरठ-कुमारी विवाहावरचा संताप आजच्या विद्यार्थ्यांस इतिहासाच्या पुस्तकांतला वाटला, तर तो त्यांचा अपराध नाहीं. परंतु आपल्यावर लादलेल्या गोष्टीस एखाद्या माणसानें नाहीं म्हणावें, तें ओरडून नव्हे तर सुरांत म्हणावें, आणि तें म्हणतांना त्याचा गळा, डोळे व हात या सर्वांनीं एकच साक्ष द्यावी, ही गोष्ट शिळी होत नाहीं. ‘कुंकू’ची चित्रफीत सुदैवानें आपल्याजवळ आहे. ती नव्यानें पाहतांना रसिकांनीं कथेचा निकाल क्षणभर बाजूस ठेवावा, आणि त्या मुलीचें गाणें ऐकतांना तिच्या हातांकडे पाहावें.